घाटातील सोबत

आगगाडीत माणसे सोबत शोधतात ती वेळ जावा म्हणून. मोटारीत शोधतात ती पेट्रोलचा खर्च वाटला जावा म्हणून. आणि यात्रेस जाताना शोधतात ती पुण्याबरोबर थोडी करमणूकही पदरात पडावी म्हणून. सायकलीवरून दूरच्या मुलखास निघालेला माणूस मात्र सोबत शोधतो ती वाऱ्याकरिता. हे विधान काव्यमय वाटण्याचा संभव आहे. परंतु ते शुद्ध व्यवहाराचे आहे. सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरच्या वेगाने चाललेल्या स्वाराची बहुतेक शक्ती समोरचा वारा बाजूस सारण्यात खर्च होते. त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर राखून जो दुसरा चालतो, त्याला फोडलेला वारा आयताच मिळतो, आणि त्याचे सुमारे चौथा हिस्सा श्रम वाचतात. म्हणून पुढच्याने थोडा वेळ वारा खावयाचा, मग बाजूस सरून मागे जावयाचे, आणि दुसऱ्याने पुढे यावयाचे, अशी पाळी लावून आठ माणसे चालली, तर ती जितक्या दूर जातात तितक्या दूर त्यांतला एकटा सहसा जात नाही. सपाटीवरचा स्नेह हा असा दोन्ही बाजूंस किफायतशीर असतो.

घाट लागला की हा सारा हिशेब मोडतो. चढावर वेग ताशी सहासात किलोमीटरवर येतो, वारा अंगास लागेनासा होतो, आणि समोर उरतो तो केवळ आपल्या देहाचा भार. तो भार दुसऱ्या कोणाच्या आड लपून कमी होत नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रथ दिवे घाट चढतो तेव्हा त्यास बैलांच्या जादा जोड्या लावतात, हे पुण्याच्या माणसास ठाऊक असते. सायकलस्वारास ती सोय नाही. स्नेही कितीही जिवलग असला तरी तो आपले बैल आपल्या गाडीस जुंपू शकत नाही. आणि म्हणूनच आमच्या मते, घाटात जो सोबत राहतो तोच सोबती. कारण तेथे सोबतीने मिळत काहीच नाही, उलट पदरचे जाते.

हा विचार आम्हास घरी आरामखुर्चीत सुचलेला नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही आठजण पुण्याहून गोव्यास सायकलींवरून निघालो होतो, त्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी तो सुचला. 'आम्ही' हे निबंधकाराचे जुने सर्वनाम आहे. ते लिहिणारा बहुधा एकटाच असतो. येथे मात्र ते निदान अर्ध्या वाटेपुरते खरे आहे. मंडळींत एक डॉक्टर होते. त्यांचे चिरंजीव होते, वय वर्षे 19, आणि पायांत त्या वयास शोभेल असा वारा. एक प्राध्यापिकाबाई होत्या, ज्या कमी बोलत आणि सर्वांहून नेटाने चढत. पैशाचा व वेळेचा हिशेब ठेवणारे खजिनदार होते. आणखी दोघे तरुण नोकरदार होते. आणि काका होते. काका 67 वर्षांचे. सारा जन्म रस्तेबांधणीत घालवून निवृत्त झालेले अभियंते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळी बसवलेली होती. आमच्या मागून सामान घेऊन एक टेंपो येत असे, आणि त्या टेंपोत एक सायकल उभी राहील एवढी जागा प्रथमपासून मोकळी ठेवलेली होती. ती कोणाकरिता, हे सर्वांस ठाऊक होते, काकांसही होते. त्याविषयी कोणी बोलत नसे.

पहिल्या दिवशी खंबाटकीचा घाट ओलांडून आम्ही वाईस मुक्काम केला होता. दुसऱ्या दिवसाचा बेत असा की, पसरणीच्या घाटाने पाचगणीस चढावयाचे, तेथून महाबळेश्वर, आणि दुपारनंतर आंबेनळीच्या घाटाने खाली कोकणात पोलादपुरास उतरावयाचे. अंतर सत्तर किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे सपाटीवर सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंतचे काम. परंतु घाटातले अंतर किलोमीटरांनी मोजणे हे पुस्तकाची योग्यता त्याच्या वजनावरून ठरवण्यासारखे आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटरांवर, पाचगणी सुमारे 1290 मीटरांवर, आणि पोलादपूर जवळजवळ समुद्राच्याच पातळीला टेकलेले. एका दिवसात सह्याद्रीच्या एका अंगाने चढून दुसऱ्या अंगाने पार पायथ्यापर्यंत उतरावयाचे होते.

पहाटे साडेसहास आम्ही निघालो तेव्हा कृष्णेच्या पात्रावर धुके होते आणि ढोल्या गणपतीचे शिखर त्यातून नुकते वर येत होते. या गावाने शास्त्री, पंडित आणि विश्वकोश महाराष्ट्रास दिले. परंतु त्या वेळी आमचे लक्ष विद्येकडे नसून चहाकडे होते. तो घेऊन आम्ही शाहीर साबळ्यांच्या जन्मगावावरून, म्हणजे पसरणीवरून पुढे सरकलो, आणि चढ सुरू झाला.

चढ सुरू होताच पहिल्या वळणाला चिरंजीव दिसेनासे झाले. दुसऱ्या वळणाला प्राध्यापिकाबाई व ते दोघे तरुण गेले. पाचव्या की सहाव्या वळणापर्यंत आठांचे आठ एकेक झाले होते. यात कोणाचा दोष नव्हता. प्रत्येकाच्या देहाची एक स्वतःची चाल असते; सपाटीवर ती दुसऱ्याच्या चालीशी जुळवून घेता येते, चढावर येत नाही. आपल्या चालीहून जलद गेले तर छाती भरते, आणि सावकाश गेले तर सायकल डोलू लागते व अधिकच थकवा येतो. दुसऱ्याकरिता सावकाश चढणे हे जलद चढण्याइतकेच कष्टाचे आहे, ही गोष्ट ज्याने चढ चढलेला नाही त्यास पटणे कठीण.

आम्ही काही वेळ काकांबरोबर राहिलो. काका दर दोन किलोमीटरांस उतरत, मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके पाहत, ते डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली येईपर्यंत कठड्यावर बसत, आणि मग पुन्हा चढत. ते दमत होते म्हणून थांबत नव्हते. थांबावयाचे ठरले होते म्हणून थांबत होते. या दोहोंत फार अंतर आहे. वर थांबलेल्या वेळात त्यांची शिकवणी चाले. "या घाटाचा चढ पाहिलात?" ते म्हणाले. "सरासरी वीसांत एक. वीस पावले चाललात की एक पाऊल वर. हा आकडा मोटारीसाठी नाही काढलेला. भरलेली गाडी ओढणारा बैल न बसता किती चढेल, त्यावरून जुन्या लोकांनी असे रस्ते आखले. बैल गेले, आकडा राहिला."

आम्ही मनातल्या मनात भाग देऊन पाहिला. सुमारे 570 मीटर चढ आणि साडेअकरा किलोमीटरांच्या आसपास रस्ता. आकडा बरोबर वीसांत एकच येतो. तेव्हापासून त्या घाटाविषयी आमच्या मनात निराळाच जिव्हाळा उत्पन्न झाला. आमच्या पुढे किती पिढ्यांचे बैल फेस गाळीत हा चढ चढले असतील, आणि त्यांच्या दमाच्या मर्यादेत राहून कोणी हा रस्ता आखला असेल! आज त्या मर्यादेचा फायदा आमच्यासारख्या, बैलांहून कमी कामाच्या प्राण्यांस मिळत होता.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. डोंगराच्या बाजूस रस्त्याच्या कडेने जे गटार जाते, ते दगडमातीने बुजले आहे की मोकळे आहे, हे ते प्रत्येक वळणावर पाहत. घाटरस्त्याचा वैरी ओझे नव्हे, पाणी होय. गटार बुजले की पाणी रस्त्यावर येते, मोरी बुजली की ते रस्त्याच्या पोटात शिरते, आणि मग एका पावसाळ्यात इतका दिवस मुकाट उभा असलेला भराव एका रात्रीत निघून जातो. "रस्ता वरून बांधतात, आणि तो आतून खचतो," असे म्हणून ते हसले. त्या वेळी ते रस्त्याविषयी बोलत होते की आपल्या छातीविषयी, हे आम्ही विचारले नाही.

पुढे आम्हीही आमच्या चालीने सुटलो आणि एकटे झालो. एकट्याने चढताना माणूस काय विचार करतो, असे पुष्कळ लोक विचारतात. उदात्त असे काही नाही. आम्ही हिशेब करीत होतो. सायकलीसह आमचे वजन 85 किलो धरले, तर ते 570 मीटर उचलावयास सुमारे पावणेपाच लक्ष जूल काम पडते. देह खाल्लेल्या अन्नापैकी फार तर चौथा हिस्सा असल्या कामी आणतो, बाकीचे घामाबरोबर उडून जाते. म्हणजे अन्नाच्या रूपाने साडेचारशे किलोकॅलरींहून काहीसे अधिक लागणार. शेंगदाण्याच्या गुळाच्या चिक्कीचे शंभर ग्रॅम वजनाचे एक पाकीट एवढ्याच किमतीचे असते. तेव्हा पसरणीच्या घाटाची खरी उंची शंभर ग्रॅम चिक्की! सह्याद्रीचा एवढा मोठा कडा एका पाकिटात मावतो, या शोधाने आम्हास इतका आनंद झाला की, वरची तीन वळणे कशी गेली ते कळले नाही. मागे वळून पाहिले तेव्हा खाली वाई, तिची देवळे, आणि धोमच्या धरणाचे पाणी, सारे उन्हात आले होते.

पाचगणीस पोहोचलो तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. चिरंजीव एका टपरीसमोर दुसरी बशी पोहे खात होते. चेसन साहेबाने एकोणिसाव्या शतकात हे गाव वसवले तेव्हा ऑस्ट्रेलियातून आलेली सिल्व्हर ओकची झाडे येथे लावली. त्यांच्या सावलीत थंडी अंगास लागत होती. एकेक करून मंडळी आली. मग आम्ही सात झालो आणि काकांची वाट पाहू लागलो.

वाट पाहणे हे एक अजब काम आहे. पहिली वीस मिनिटे आपण विश्रांती घेत असतो. पुढची वीस मिनिटे आपण दुसऱ्यावर उपकार करीत असतो. आणि त्याच्या पुढे तो दुसरा आपला अपराधी होऊ लागतो. खजिनदार घड्याळाकडे पाहत होते. त्यांचे म्हणणे गैर नव्हते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आंबेनळीच्या घाटात अंधार पडता कामा नये. येथे एक तास गेला, महाबळेश्वरास आणखी एक जाणार, तर उतार संध्याकाळी लागेल. "टेंपोत जागा आहे," ते शेवटी म्हणाले. जे दोन दिवस कोणी बोलले नव्हते ते अशा रीतीने बोलले गेले.

कोणी उत्तर दिले नाही. त्या वेळी आमच्या मनात मुंबईच्या त्या सहा पारशी तरुणांची आठवण आली, जे 1923 च्या ऑक्टोबरात सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे 1928 च्या मार्चात परत आले; बाकीच्या तिघांची साथ वाटेत सुटली. इतिहास पोहोचलेल्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहितो. परंतु सहांचे तीन होतात तेव्हा त्या मधल्या घटकांत काय बोलणे होत असेल, कोण कोणास म्हणत असेल की तू परत जा, आणि कोण स्वतःच म्हणत असेल की मी राहतो, याविषयी आम्हास नेहमी कुतूहल वाटत आलेले आहे. मोठ्या प्रवासातला खरा घाट तो असावा.

काका नऊ वाजून वीस मिनिटांनी आले. चेहरा लाल, परंतु श्वास शांत. ते सायकलीवरून उतरले मात्र, आणि आम्ही सातहीजण उभे राहिलो; कोणी टोपी घातली, कोणी हातमोजे चढवले. ते पाहून काकांनी खाली टेकू लागलेला हात परत उचलला, आणि म्हणाले, "चला, माझ्याकरिता थांबू नका. मी टेंपोने येतो मागून."

तेव्हा प्राध्यापिकाबाई प्रथमच बोलल्या. "काका, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, "आणि आम्हीही बसतो. आपल्यात चूक कुठे होते ठाऊक आहे का? जो आधी पोहोचतो त्याला तासभर विसावा मिळतो, आणि जो शेवटी पोहोचतो त्याला घोटभर पाणीही नाही. ज्याला विसाव्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी. येथून पुढे क्रम उलटा करू. काका खाऊन घेतील, पंधरा मिनिटे पडतील आणि पुढे निघतील. आपण अर्ध्या तासाने निघू. कोणी कोणासाठी थांबावयाचे नाही. वरती सगळे एकदम."

गोष्ट इतकी साधी होती की, ती आजवर कोणास सुचली नाही याचेच नवल वाटले. घराघरांतून, शाळांतून, कचेऱ्यांतून हाच अन्याय चालू नाही काय? जो मागे पडतो तो धापा टाकीत येऊन पोहोचतो, आणि त्याच क्षणी ताजेतवाने झालेले पुढचे लोक उठून म्हणतात, "चला, झाली ना विश्रांती?" त्यांची झालेली असते. मागच्याविषयी त्यांच्या मनात वाईट काही नसते. उलट आपण त्याच्यासाठी थांबलो, असेच त्यांस मनापासून वाटत असते. दुबळ्यांवरचे पुष्कळसे अन्याय अशा सद्भावनेनेच होत असावेत.

खजिनदारांनी वेळेचा नवा हिशेब मांडला आणि तो जमला. टेंपोतली ती जागा त्यांनी स्वतः पाण्याची पिंपे ठेवून भरून टाकली. ते मूळचे मायाळूच; फक्त घड्याळ त्यांच्या हाती दिलेले होते.

पाचगणीहून महाबळेश्वर सुमारे एकोणीस किलोमीटर. चढउताराच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंस स्ट्रॉबेरीची वाफे होती. मधल्या वाटेत आम्ही सर्वजण काकांस गाठीत गेलो, आणि प्रत्येकजण गाठताना दोन शब्द बोलून पुढे गेला. सव्वाबाराच्या सुमारास आम्ही सातजण पोहोचलो, तेव्हा काका दहाच मिनिटे मागे होते. त्या दिवशीच्या जेवणास जी चव आली ती वाढणाऱ्याच्या कौशल्याने आली असे आम्हास वाटत नाही.

जेवताना नद्यांचा विषय निघाला. क्षेत्र महाबळेश्वरी एका देवळात पाच नद्यांचे पाणी एका गोमुखातून पडते अशी श्रद्धा आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. पैकी सावित्री तेवढी पश्चिमेस उडी घेऊन बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. कृष्णा मात्र समुद्र जवळ असता त्याच्याकडे पाठ फिरवून सारा देश ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते, आणि वाटेत वेण्णा व कोयना यांसही आपल्यात घेते. ज्यास सोबत म्हणावयाची ती नद्यांनाही सोपी नाही; एका देवळातून निघालेल्या बहिणींत एक जन्मभराकरिता निराळी पडते. आमचा रस्ता त्या निराळ्या पडलेल्या बहिणीच्या मुलखात जाणार होता.

दोन वाजता आम्ही उतरू लागलो. चढ देहाची परीक्षा पाहतो, उतार स्वभावाची. चढताना साठवलेली सारी शक्ती उतरताना परत मिळते, आणि ती कोठे तरी खर्च करावी लागते. वेगाने जाणाऱ्याची बरीचशी वाऱ्यात जाते. सावकाश उतरणाऱ्याची मात्र जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. महाबळेश्वर ते पोलादपूर हा उतार पसरणीच्या चढाच्या दुपटीहून अधिक. म्हणजे दोन पाकिटे चिक्कीच्या बदल्यात देहाने जेवढे काम दिले असते, तेवढे सारे त्या दोन चिमूटभर रबरांनी गिळावयाचे. आमच्यापैकी बहुतेकांच्या सायकलींस चकतीचे ब्रेक होते. काकांची सायकल जुनी, पोलादी. तिचे ब्रेक चाकाच्या धावेवर दाबणारे. धाव फार तापली तर आतली ट्यूब फुटते. म्हणून काका दर तीनचार किलोमीटरांस थांबून धावेस बोट लावून पाहत, आणि चटका बसला तर ती निवेपर्यंत उभे राहत. या वेळी त्यांच्याबरोबर डॉक्टर व आम्ही होतो. चिरंजीव अर्थातच पुढे गेले होते.

कोयनेच्या खोऱ्यात उतरल्यावर प्रतापगड समोर आला. 1656 साली जावळी शिवाजी महाराजांच्या हाती आली, आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी या गडाच्या पायथ्याशी अफझलखान पडला. खानाचा तळ वाईस होता. तेथून त्याचे सैन्य रडतोंडीच्या घाटाने या दरीत उतरले. आम्हीही सकाळी वाईहूनच निघालो होतो, ही गोष्ट लक्षात येताच काका म्हणाले, "वाईहून इकडे येणाऱ्याने ऐट बाळगू नये. हा मुलूख ऐटीला चांगला नाही." रडतोंडी हे नाव ज्या कोणी ठेवले त्याने तो घाट नक्की ओझे घेऊन पार केला असावा.

कुंभरोशीच्या पुढे आंबेनळीचा घाट लागतो, आणि रस्ता सावित्रीच्या बाजूस कलतो. येथे कोणीही फारसे बोलत नाही. 28 जुलै 2018 रोजी याच घाटात सहलीस निघालेल्या सहकाऱ्यांची एक बस दरीत गेली; सुमारे तीस माणसे गेली, आणि एकच मनुष्य वर येऊन सांगावयास उरला. तीही आमच्यासारखीच एकत्र निघालेली मंडळी होती. पुढे 2021 च्या जुलैत महाबळेश्वरावर एका दिवसात सुमारे 594 मिलिमीटर पाऊस कोसळला, हा रस्ता ठिकठिकाणी तुटला, आणि त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर खाली आला. दरडीच्या खुणा अजून उघड्या दिसतात. हिरव्या अंगावर लांबच लांब तांबड्या जखमा. काका प्रत्येक नव्या भिंतीजवळ थांबून तिची पाणी जावयाची भोके पाहत होते. अशा ठिकाणी ज्ञान असणे हे काही विशेष सुखाचे नसते.

एका आंधळ्या वळणाच्या अलीकडे आम्हास रस्त्याच्या मधोमध एक मनुष्य दोन्ही हात वर करून उभा दिसला. ते चिरंजीव होते. आम्ही ब्रेक दाबीत दाबीत त्यांच्याजवळ येऊन थांबलो. त्यांचे एक कोपर सोलून निघाले होते आणि रक्त मनगटापर्यंत येऊन वाळले होते. वळणापलीकडे, जेथे उतार सर्वांत तीव्र, तेथे डोंगरावरून ओघळलेली बारीक खडी रस्त्यावर पसरली होती. तीवरून त्यांचे चाक घसरले होते. सुदैवाने ते डोंगराच्या बाजूस पडले होते.

डॉक्टर मुकाट्याने पेटी काढून कोपर धुऊ लागले. वडील असल्याने त्यांस प्रथम रागावण्याचा अधिकार होता. तो त्यांनी वापरला नाही. "किती वेळ झाला?" एवढेच त्यांनी विचारले.

"अर्धा तास झाला असेल."

"मग खाली गेला का नाहीस? बाकीचे तर पोहोचले असतील."

"ते माझ्या आधी गेले. त्यांचे ब्रेक चांगले आहेत, त्यांना निभले." मग त्याने काकांच्या सायकलीकडे पाहिले. "काकांचे चाक यावर थांबले नसते. पाटी लावावयास काही नव्हते. म्हणून उभा राहिलो."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी सायकल कठड्याला लावली, वळणापर्यंत चालत गेले, आणि डोंगराच्या बाजूचे गटार पाहिले. ते अपेक्षेप्रमाणे बुजलेले होते. मग त्या 67 वर्षांच्या माणसाने एक झाडाची फांदी घेतली आणि खडी लोटावयास सुरुवात केली. आम्हीही लागलो. चिरंजीव पट्टी बांधलेल्या हाताने वरच्या अंगास उभे राहून येणाऱ्या मोटारींस हळू येण्याची खूण करीत होते. वीस मिनिटांत दोन चाके जातील एवढी वाट मोकळी झाली. एका एसटीच्या चालकाने जाताना खिडकीतून हात वर केला. त्या हाताएवढे मोठे मानपत्र आमच्यापैकी कोणास आजवर मिळालेले नाही.

तेथून पोलादपुरापर्यंत चिरंजीव काकांच्या पुढे वीसपंचवीस पावलांवर राहून उतरले. ज्या मुलास सकाळी पहिल्या वळणापलीकडे धीर निघाला नव्हता, तो आता काकांच्या चाकाच्या आवाजावर कान ठेवून चालत होता. आवाज मागे पडला की तोही मंदावे. उतारावर असे सावकाश जाणे त्याला किती जड जात असेल याची कल्पना आम्हास होती. वारा दमट होऊ लागला, रातांब्यांची व आंब्यांची झाडे दिसू लागली, कौलारू घरांच्या अंगणांतून संध्याकाळचा धूर वर येऊ लागला, आणि साडेपाचाच्या सुमारास आम्ही सावित्रीच्या काठी पोलादपुरास पोहोचलो. पुढे गेलेली मंडळी खानावळीच्या ओट्यावर बसली होती. आम्हास पाहून ती उठली नाहीत. सरकून जागा करून दिली. आम्ही आठहीजण बसलो, आणि पुरता अर्धा तास कोणी "चला" असे म्हटले नाही.

पुढे चार दिवसांनी आम्ही गोव्यास पोहोचलो. सर्व आठ पोहोचले. टेंपोतली ती जागा शेवटपर्यंत पाण्याच्या पिंपांकडेच राहिली. या गोष्टीचा आम्हास अभिमान वाटतो. परंतु समजा काका मध्येच टेंपोत बसले असते, तरी त्या दिवसाची किंमत कमी झाली असती असे नाही. मनुष्य किती चढला हे पाय ठरवतात, आणि पायांस वय असते. तो कोणाकरिता थांबला, आणि थांबताना त्याने घड्याळाकडे पाहिले की रस्त्याकडे, हे मात्र पायांवर अवलंबून नाही. सपाटीवर सोबत करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यात वावगे काही नाही. वारा सर्वांनाच लागतो. घाटात ती सोबत टिकवावयाची, तर कोणा एकाला वळणावर जाऊन उभे राहावे लागते. ती वळणे पोलादपुराच्या वाटेवरच असतात असे नाही.